देवचाराला सैतान कोणी केलं?

२०२४ च्या फेब्रुवारीत चिनी नववर्ष सुरू झालं, तेव्हा तिथल्या सरकारी वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरात एक छोटासा बदल दिसला. बारा वर्षांच्या चक्रात त्या वर्षी ज्या प्राण्याचा मान होता, त्याला इंग्रजीत पूर्वापार 'ड्रॅगन' म्हणत आले आहेत. या वेळी अनेक ठिकाणी त्या जागी 'लूंग' हा चिनी उच्चाराला धरून केलेला शब्द छापला गेला. एवढ्या अवाढव्य देशाला एका काल्पनिक प्राण्याच्या नावाची इतकी काळजी का वाटावी, असं कुणी विचारेल. मला ती काळजी रास्त वाटते. आपण मराठी माणसांनीही ती करायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

आपल्या वर्तमानपत्रांतले मथळे आठवून पाहा. सीमेवर जरा खुट्ट झालं की 'ड्रॅगनचा फुत्कार' आणि 'ड्रॅगनची वळवळ' ठरलेली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आग ओकणारा, वटवाघळासारख्या पंखांचा क्रूर पशू उभा राहतो. पण चिनी लूंग आग ओकत नाही, त्याला बहुधा पंखही नसतात. हरणाची शिंगं, माशाचे खवले आणि गरुडाची नखं असलेला हा प्राणी ढगांत आणि पाण्यात राहतो आणि पाऊस पाडतो. चार दिशांच्या चार समुद्रांचे चार लूंग राजे मानले जातात. दुष्काळ पडला की गावकरी त्यांच्या देवळात जाऊन पाऊस मागत. तरीही पाऊस आला नाही, तर काही भागांत राजाची मूर्ती उचलून भर उन्हात आणून ठेवत. आमची काहिली तुम्हीही भोगा, म्हणजे कळेल! आपल्याकडे पाऊस लांबला की महादेवाची पिंड बुडेपर्यंत गाभाऱ्यात पाणी भरून देवाला कोंडतात आणि कडुलिंबाच्या डहाळीला बेडूक बांधून पोरं धोंडी मागत घरोघर फिरतात. सोलापूरच्या शेतकऱ्याला हा लूंग चटकन कळेल. लंडनच्या माणसाला तो समजावून सांगावा लागेल, आणि आपण मात्र त्याची ओळख लंडनच्या माणसाकडून करून घेतली.

चीनमध्ये लूंग किती जुना आहे, हे हनान प्रांतातल्या पुयांगला १९८७ साली दिसलं. तिथल्या उत्खननात एका थडग्यात मृत माणसाच्या एका बाजूला शिंपले मांडून केलेला वाघ आणि दुसऱ्या बाजूला तसाच शिंपल्यांचा लूंग निघाला. थडगं सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे. वाघ आणि लूंग त्या माणसावर चालून आलेले नाहीत, ते त्याच्या सोबतीला आहेत. पुढे पाच नखांचा लूंग सम्राटाच्या वस्त्रांवर चढला. युरोपातला ड्रॅगन बहुतेक गोष्टींत गुहेत सोन्याच्या राशीवर वेटोळं घालून बसतो किंवा गावाकडून मुली मागतो, आणि त्याची गोष्ट भाल्याच्या टोकावर संपते. संत जॉर्जचं चित्र म्हणजे घोडा, भाला आणि खाली तडफडणारा पशू. तिकडेही अपवाद आहेत. वेल्सचे लोक तांबडा ड्रॅगन अभिमानाने झेंड्यावर मिरवतात, आणि १९५९ सालापासून तो त्यांचा अधिकृत झेंडा आहे. पण एकूण कल सांगायचा तर एका टोकाला पाण्यासाठी ज्याची विनवणी करायची तो, आणि दुसऱ्या टोकाला ज्याला मारल्याशिवाय वीर होता येत नाही तो. दोघांची अंगं लांबट आणि खवल्यांची, म्हणून युरोपीय प्रवाशांनी आणि पाद्र्यांनी दोघांना एकच नाव दिलं.

नाव एक झाल्यावर पुढे काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. १९१९ साली चिनी भाषेत बायबलचं जे भाषांतर प्रसिद्ध झालं आणि आजही वापरात आहे, त्यात शेवटच्या प्रकरणांमधला सात डोक्यांचा, सैतानाचं रूप असलेला प्राणी 'लूंग' या अक्षरानेच लिहिला आहे. पाऊस देणाऱ्याच्या गळ्यात त्याच्याच भाषेत सैतानाची पाटी अडकली. ती अडकवणाऱ्यांच्या मनात काळंबेरं होतं, असं मी म्हणत नाही. त्यांना एक शब्द हवा होता, तो जवळ दिसला, त्यांनी उचलला.

असंच आपल्या अंगणातही घडलं. कोकणात आणि गोव्यात गावाचा, कुळागराचा म्हणजे माड-पोफळीच्या बागेचा, वाटेचा एक राखणदार असतो. कुणी त्याला देवचार म्हणतं. तो रात्री फेरी मारतो, चुकलेल्याला वाट दाखवतो, रीत मोडली तर त्रास देतो. त्याला ठरल्या दिवशी रोट द्यायचा, विडी ठेवायची, कुठे मेणबत्ती लावायची. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण रात्रभर गाव राखत हिंडून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. पोर्तुगीज काळात धर्मप्रसारकांना कोकणीत सैतानासाठी शब्द लागला आणि त्यांनी हा 'देवचार' उचलला. आज गोव्यातल्या ख्रिस्ती कोकणीत देवचार म्हणजे सैतान. गावचा रात्रपाळीचा पहारेकरी कोशात नरकाचा मालक होऊन बसला. तरीही गोव्यात राखणदाराच्या घुमटीपाशी मेणबत्ती लावणारे हात सगळे एकाच धर्माचे नसतात, याचं मला फार समाधान वाटतं. शब्दाचा अर्थ बदलला, हातांनी मात्र आपली सवय सोडली नाही.

माझा मुद्दा असा आहे. जगभरच्या या अद्भुत प्राण्यांची तुलना आपण चुकीच्या ठिकाणी करत आलो. मुलांसाठीचे गुळगुळीत पानांचे सचित्र कोश उघडा. शिंगं किती, पंख आहेत की नाहीत, धड कुणाचं, डोकं कुणाचं, अशी वर्गवारी असते. प्राण्यांच्या शरीराबद्दल हे कोश बरंच काही सांगतात. माणसं त्या प्राण्याशी कशी वागत होती, हे त्यांत नसतं. खरा फरक तिथेच आहे. त्याला मारायचं, त्याच्यापुढे वाकायचं, त्याला जेवू घालायचं, की त्याच्याशी करार करायचा? या प्रश्नाचं उत्तर जिथे बदलतं, तिथे संस्कृती बदलते.

पाण्याकाठचंच उदाहरण घेऊ. खोल पाणी सगळ्या जगात पोरांना गिळतं. त्यामुळे प्रत्येक समाजाने पाण्यात कुणाला ना कुणाला तरी बसवून ठेवलं आहे. धोका एकच, पण बसवलेले रहिवासी पाहिले की थक्क व्हायला होतं.

जपानात नदी-डोहांत कप्पा राहतो. पाचसात वर्षांच्या पोराएवढा, पाठीवर कासवाचं कवच, आणि टाळूवर एक खोलगट बशी. त्या बशीत पाणी असेपर्यंत त्याच्या अंगात बळ. तो घोड्यांना आणि मुलांना पाण्यात ओढतो. त्याच्यावर उपाय? त्याला अदबीने वाकून नमस्कार करायचा. कप्पा इतका रीतीभातीचा, की तोही वाकून नमस्कार करतो, बशीतलं पाणी सांडतं आणि त्याचं बळ जातं. शत्रूलासुद्धा शिष्टाचार मोडता येत नाही अशी खात्री ज्या समाजाला आहे, तिथेच ही गोष्ट जन्मू शकते. पकडलेला कप्पा माफी मागतो, पुन्हा त्रास देणार नाही असा कागद लिहून देतो, मोडलेलं हाड बसवायची विद्या शिकवून जातो. त्याला काकडी आवडते, म्हणून काकडी घातलेल्या सुशीला तिकडे 'कप्पामाकी' म्हणतात.

स्कॉटलंडच्या सरोवरांकाठी केल्पी असतो. देखणा, मालक नसलेला घोडा. पोरं हौसेने त्याच्या पाठीवर बसतात, तशी पाठ लांबत जाते, आणखी पोरं बसतात. मग कळतं की हात त्याच्या अंगाला चिकटले आहेत, आणि घोडा पाण्याकडे निघाला आहे. यातल्या एका कथेत एक पोरगा आपली चिकटलेली बोटं चाकूने कापून सुटतो. इथे नमस्कार, करार काही चालत नाही. जे फुकट आणि देखणं समोर येतं त्याला हात लावू नये, एवढीच ताकीद. रशिया-युक्रेनकडची रुसाल्का म्हणजे बुडून किंवा लग्नाआधी अकाली मेलेली मुलगी. उन्हाळ्याच्या तोंडावर तिचा एक आठवडा असतो. त्या दिवसांत नदीत उतरत नसत, आणि आठवडा संपला की गावातल्या बाया गाणी म्हणत तिला वेशीबाहेर पोचवून येत. त्या भीतीत दुःख आहे. पाण्यात जी आहे ती आपल्याच घरातली कुणीतरी आहे.

आणि आमच्याकडे साती आसरा. 'अप्सरा' शब्दाचं हे घरगुती रूप. साताऱ्याकडच्या आमच्या गावी जुन्या विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड होते. विहिरीला कठडा नव्हता. "बारा वाजता हिरीकडं जायाचं न्हाई, आसरा असत्यात," एवढंच आजी सांगायची. पण त्या दगडांपुढे ती हळदकुंकू वाहायची, हिरव्या बांगड्या ठेवायची, आणि घरात बाळंतीण उठली की तिला पाण्याच्या पूजेला घेऊन जायची. आसरांना मारल्याची गोष्ट मी कधी ऐकली नाही, त्यांना फसवल्याचीही नाही. त्यांची ओटी भरायची. आपल्याकडची ही रीत फार खोल आहे. जे भयंकर आहे त्याला शेंदूर लावून, नाव देऊन, नैवेद्य दाखवून गावात जागा द्यायची. म्हसोबा, वेताळ, मुंजा सगळे याच वाटेने आले. कोण भूत आणि कोण देव, याची सीमारेषा आपल्याकडे शेंदराच्या एका बोटाएवढी आहे. या चौघांना एका कोशात 'पाण्यातली भुतं' या मथळ्याखाली घालणं म्हणजे चार वेगळ्या माणसांना एकाच नावाने हाका मारून बोलावण्यासारखं आहे.

यावर अभ्यासू माणसं म्हणतात की भेद वरवरचे आहेत. मुळात सगळीकडे माणसाचं मन सारखं, किंवा मुळात सगळीकडे जमिनीत सापडलेली हाडं सारखी. हाडांचा मुद्दा गमतीचा आहे. सिसिली बेटावर प्राचीन काळी बुटके हत्ती होते. हत्तीच्या कवटीत सोंडेच्या जागी मधोमध मोठं भोक असतं. ओथेनिओ आबेल या ऑस्ट्रियन पुराजीवशास्त्रज्ञाने १९१४ साली तर्क मांडला की ग्रीकांचा एकडोळ्या सायक्लॉप्स या कवट्यांवरून सुचला असावा. असेल. पण कवटीने डोळा दिला, स्वभाव कुठून आला? होमरच्या महाकाव्यातला पॉलिफेमस हा सायक्लॉप्स भयंकर ठरतो तो डोळ्यामुळे नाही, तर दारी आलेल्या पाहुण्यांना तो खातो म्हणून. अतिथीचा मान हा ग्रीकांचा सर्वांत मोठा नियम, आणि तो मोडणारा त्यांचा राक्षस.

आता आपला बकासुर बघा. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत तो नुसता खादाड असतो. महाभारतात एकचक्रा नगरीतला ब्राह्मण कुंतीला सांगतो ते वेगळंच आहे. राजा दुबळा आहे, प्रजेचं रक्षण करत नाही; परचक्रापासून रक्षण हा बकच करतो, आणि त्याचं वेतन म्हणून गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस पाळीपाळीने द्यावा लागतो. म्हणजे बकासुर हा रक्षणाच्या नावाखाली माणसं खाणारा आहे. माणसं खाणारे दोघेही, पण ग्रीक भीती यजमानाने खाण्याची आणि आपली भीती राखणदाराने खाण्याची. हा फरक मला हाडांच्या साम्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. गाडाभर भात आणि पाळीची धास्ती कशी असते, हे ज्यांच्या गावांनी शतकानुशतकं अनुभवलं, त्यांनी ही गोष्ट जपून ठेवली.

भेदाची दुसरी बाजू कमी सुखावह आहे. प्रत्येक समाज आपली विचित्र माणसं दुसऱ्याच्या मुलखात नेऊन ठेवतो. सभापर्वात सहदेवाचा दिग्विजय येतो. तो दक्षिणेकडे जातो आणि वाटेत कर्णप्रावरण नावाच्या लोकांना जिंकतो, म्हणजे स्वतःचेच कान पांघरून घेणाऱ्यांना. पुरुषादांना, म्हणजे माणसं खाणाऱ्यांना, आणि वनात राहणाऱ्या एकपाय माणसांना. पुढे इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास मेगॅस्थिनिस हा ग्रीक राजदूत चंद्रगुप्ताच्या दरबारी आला. त्याने भारतात कानांत झोपणारी माणसं असल्याचं लिहून ठेवलं. कुणा पंडिताने सांगितलेल्या कर्णप्रावरणांचंच ते ग्रीक भाषांतर असावं. ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने त्याला खोटारडा म्हटलं, पण अशी वर्णनं पुढे गेली. ती रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथात शिरली, आणि इसवी सन १३०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये काढलेल्या आणि हेरफर्डच्या चर्चमध्ये ठेवलेल्या जगाच्या नकाशात भारताच्या जागी एका पायाचा माणूस त्याच पायाची सावली डोक्यावर धरून पहुडलेला दिसतो. म्हणजे हस्तिनापूरच्या कवीने रानातल्या माणसाला एकपाय ठरवलं, आणि दीड हजार वर्षांनी युरोपने अख्ख्या भारताला तेच केलं. युरोपने आपल्याला राक्षस म्हणून रंगवलं याचा राग मला येतो. पण ती रंगपेटी काही अंशी इथूनच गेली होती, हेही कबूल केलं पाहिजे. वानर, राक्षस, नाग ही नावं जिवंत माणसांच्या समूहांना चिकटवून आपणही बराच काळ निभावून नेलं आहे.

आणि खरा प्राणी समोर आला तरी हा चष्मा सुटत नाही. १५१४ मध्ये गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर शाह याने पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. पोर्तुगीज त्याला 'गंडा' म्हणत. बिचाऱ्याचं नाव तेवढं देशी राहिलं. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने तो पाहिला नव्हता. एक वर्णन आणि एक कच्चं चित्र यांवरून त्याने लाकडात ठसा कोरला. त्यात गेंड्याला लोखंडी चिलखतासारखे पत्रे आहेत आणि मानेजवळ एक जादा शिंग आहे. खरा गेंडा पोपकडे पाठवला जात असताना १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. ड्यूररचा गेंडा मात्र पुढे दोन शतकांहून अधिक काळ युरोपच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत जगला. त्याच्याही आधी, इराणी बादशहाच्या दरबारी असलेल्या क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने भारतातल्या एकशिंगी रानगाढवांबद्दल लिहिलं होतं. त्यांच्या शिंगाच्या पेल्यातून प्यायलं तर विष बाधत नाही, असं त्याचं म्हणणं. युरोपच्या एकशिंगी घोड्याची वंशावळ इथवर येऊन भिडते. शिंगात गुण असतो ही समजूत वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या रूपांनी टिकली, आणि त्या समजुतीपायी आजही खरे गेंडे मारले जातात.

इथे मला माझ्या बाजूच्याच लोकांशी बोलायचं आहे. महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्या कायद्याची गरज कुणाला पटत नसेल, तर त्याने सातपुड्यात जाऊन डाकीण ठरवल्या गेलेल्या बाईचं जिणं पाहावं. मूल दगावलं, गुरं मेली, शेजाऱ्याच्या डोळ्यात जमीन भरली, आणि एका विधवेच्या नावापुढे डाकीण हा शब्द लागला. युरोपातही असंच झालं. साधारण १४५० ते १७५० या काळात तिकडे चेटकीण ठरवून मारलेल्यांची संख्या अभ्यासक ४० ते ६० हजार मानतात, आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. कल्पित प्राण्याचं नाव जिवंत माणसाच्या अंगावर पडलं की ती गोष्ट राहत नाही, तो आरोप होतो. तिथे कायदाच हवा, आणि कडक हवा.

पण या लढ्याच्या ओघात आपण आणखी एक गोष्ट केली. हडळ, चकवा, गिऱ्हा, खवीस, समंध, मुंजा हे शब्दच आपण शिकलेल्या घरांतून हाकलले. लाज वाटली म्हणून हाकलले. आणि रिकाम्या झालेल्या जागेत परदेशी व्हॅम्पायर, झॉम्बी, ड्रॅगन राजरोस येऊन बसले. त्यांना कुणी अंधश्रद्धा म्हणत नाही, कारण ते इंग्रजीतून आले. पिशाच्च परदेशी असेल तर करमणूक आणि देशी असेल तर मागासलेपण, या मापाचा विवेकाशी काही संबंध नाही. विवेक म्हणजे चकव्याची भीती घालवणं. चकवा हा शब्द, आणि रात्री माळावर वाट चुकून माणूस त्याच जागी पुन्हा पुन्हा का येतो याबद्दल त्यात साठलेला अनुभव, हे फेकून देणं म्हणजे विवेक नव्हे.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे जपानने दाखवलं. १९१० साली यानागिता कुनिओ या सरकारी अधिकाऱ्याने ईशान्य जपानमधल्या तोनो परिसरातल्या गोष्टी, तिथल्याच एका तरुणाकडून ऐकून, लिहून काढल्या. तेव्हा जपान रेल्वे टाकत होता, कारखाने उभारत होता, आणि असल्या गोष्टी खेडवळ मानल्या जात होत्या. आज तोनोत कप्प्याचा डोह जपलेला आहे आणि पाहुण्यांना कप्पा पकडण्याचा परवाना विकत मिळतो. परवाना घेणारा कप्पा आहे असं मानत नाही, पण डोहाकडे तो लक्षपूर्वक पाहतो. २०२० साली साथ आली तेव्हा तिथल्या आरोग्य मंत्रालयाने 'आमाबिए' हिला भित्तिपत्रकावर आणलं. लांब केस, चोच, खवले आणि तीन पाय असलेली ही जलचर १८४६ सालच्या एका छापील बातमीपत्रकात पहिल्यांदा दिसते. समुद्रातून वर येऊन ती सांगते की साथ येईल, तेव्हा माझं चित्र काढून लोकांना दाखवा. लोकांनी घरी बसून तिची हजारो चित्रं काढली. त्यामुळे विषाणू गेला नाही, आणि जाईल असं मंत्रालयाने सांगितलंही नव्हतं. पण 'साथ पसरू देऊ नका' हे सांगायला आपल्या घरचं कुणीतरी समोर होतं.

आइसलंडचं उदाहरण याहून अवघड आहे. रेक्याविकजवळ आल्फ्टानेसकडे जाणारा नवा रस्ता एका लाव्हाच्या पठारातून जाणार होता. तिथला एक मोठा खडक म्हणजे हुल्डूफोल्कचं, अदृश्य लोकांचं, चर्च अशी काहींची श्रद्धा. लोकांनी आंदोलन केलं, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०१५ मध्ये रस्ता करण्याआधी तो कित्येक टनांचा खडक क्रेनने उचलून दुसरीकडे ठेवला गेला. परदेशी वार्ताहरांनी यावर भरपूर विनोद केले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आंदोलकांत पठार वाचवू पाहणारे निसर्गप्रेमी बरेच होते, आणि खडकाची गोष्ट ही त्या जमिनीवरच्या प्रेमाची त्यांच्या भाषेतली नोंद होती. सह्याद्रीतल्या देवराया अशाच टिकल्या. तिथली वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, देव कोपतो, या धाकाने जी झाडं उभी राहिली, ती तोडण्याचे दिवस धाक संपल्यावर आले. ज्यांनी धाक घालवला त्यांनी त्या जागी झाडाबद्दलचं दुसरं कुठलं नातं तयार केलं का, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

तर करायचं काय? भाषांतरापासून सुरुवात करू. मराठीत परदेशी गोष्टी आणणाऱ्यांनी लूंगला लूंग म्हणावं, कप्प्याला कप्पा. शब्द नवा असला तर चार ओळी समजवाव्या. मराठी वाचक समोसा, सुनामी पचवू शकतो, तर कप्पाही पचवेल. जपानी जलचराला 'राक्षस' आणि रुसाल्काला 'जलपरी' म्हटलं की मजकूर सोपा होतो, पण वाचकाच्या हाती जुनंच काहीतरी पुन्हा पडतं. उलट दिशेनेही तेच. आसरांचं इंग्रजी करताना त्यांना 'मर्मेड' करू नये.

दुसरं, गडकोट. जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजांत आणि शेपटीत हत्ती धरलेला जो पशू कोरला आहे, त्याच्यापुढे उभं राहून लोक 'वाघ' म्हणून फोटो काढतात. दुर्गअभ्यासक त्याला शरभ म्हणतात. शरभाची गोष्ट पुराणांत आहे. नरसिंहाचा राग आवरेना तेव्हा शिवाने शरभाचं रूप घेऊन त्याला आवरलं, असं शैव सांगतात. त्यावर वैष्णवांचं उत्तर असं की शरभालाही आवरायला विष्णू दोन डोक्यांचा गंडभेरुंड झाला. दोन पंथांचा वाद प्राण्यांच्या रूपाने चालला होता, आणि तो दगडांत आपल्यासमोर आहे. गडावर येणाऱ्या पोराला एवढं सांगणारी एखादी पाटी तिथे लावता येईल.

आणि तिसरं, शाळा. पाचवी-सहावीच्या मुलांना एक काम द्यावं: घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, आपल्या गावात कोण राहायचं, कुठे राहायचं, त्याला काय द्यायचे, आणि त्याच्या भीतीने काय टाळायचे. प्रांतवार शब्द, जागा, रीत लिहून आणा. त्याखाली मुलाने स्वतःचं मत लिहावं, ही गोष्ट कशामुळे तयार झाली असेल. यात अंधश्रद्धा शिकवणं येत नाही. उलट भीतीकडे डोळे उघडून बघायला शिकवण्याचा याहून चांगला धडा मला सुचत नाही. धनगरवाड्यावरचं, कोळीवाड्यातलं, वारली पाड्यावरचं मूल जे लिहून आणेल, ते कुठल्याही छापील कोशात नसेल. आणि यासाठी वेळ थोडा आहे. ज्यांना हे माहीत आहे ती माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.

आमच्या गावच्या विहिरीवर काही वर्षांपूर्वी लोखंडी जाळी बसली. फार चांगलं झालं, आता पोरं पडत नाहीत. जाळी बसवताना काठावरचे सात दगड आड आले, म्हणून गवंड्याने ते उचलून बांधाला लावले. मागच्या दिवाळीत माझी पुतणी त्या बांधावर बसली होती. शेंदूर उडालेल्या एका दगडाला हात लावून तिने विचारलं, हे काय आहे. मी तिला आसरांची नावं सांगायला गेलो, आणि माझ्या लक्षात आलं की मला ती माहीत नाहीत. आजीला येत होती. आम्ही दोघं उठून गावातल्या तिच्या वयाच्या एका आजींकडे गेलो. त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या, आवाज खोल गेलेला. पुतणीने वही उघडली आणि त्या सांगत गेल्या तसं लिहीत गेली. पाच नावं झाली. सहावं आठवेना म्हणून त्या डोळे मिटून थांबल्या, आणि आम्हीही थांबलो.